टॉवेल

दर शुक्रवारी तीन वाजता
सबेला शिलाईघरातून खाली येते,
तयार मालाच्या ढिगात डोळे मिटून हात घालते,
हाताला लागेल ते जॅकेट अंगात चढवते
आणि धक्क्यावरून सरळ पाण्यात उडी मारते.
मी वर टॉवेल घेऊन उभा.
मी ब्रेइशो, हिशेबनीस.
मला पोहता येत नाही.

आमच्या किनाऱ्याचं नावच मृत्यूचा किनारा,
नकाशावरही तसंच छापलंय.
इथली माणसं कमरेला दोर बांधतात
आणि लाट मागे सरते तेवढ्यात
खडकावरचे पेर्सेबे खरवडून घेतात.
लाट परत येते. ती मोजून येत नाही.

मागे माद्रिदहून एक सल्लागार आला होता.
म्हणाला, कंपनीला उद्देश हवा,
उद्देशाला गोष्ट हवी.
तुमच्या वडिलांनी हे कशासाठी सुरू केलं?
छत्र्यांसाठी, सबेला म्हणाली.
छत्र्या खपेनात, कापड उरलं होतं.
त्यानं पेनाला टोपण लावलं.
तरी जाताना काचेत मढवलेलं एक वाक्य देऊन गेला.
ते स्वच्छतागृहाच्या दारामागे आहे.
रिकामा खिळा तेवढा एकच होता.

खरी गोष्ट मला ठाऊक आहे,
कारण पार्सल मीच फोडलं.
आत आमचंच जॅकेट,
मिठानं ताठरलेलं, डावा पट्टा कापलेला.
चिठ्ठी नाही, नाव नाही,
टपालाचा शिक्का पाण्यानं फुटलेला.
पट्टा कोणी कापला?
वाचलेल्यानं, घाईघाईत?
की न वाचलेल्याच्या अंगावरून काढताना
दुसऱ्या कोणी?
सबेलानं बंदरोबंदर फोन केले.
मग एक दिवस फोन थांबवले,
आणि त्या शुक्रवारी पहिली उडी मारली.

गेल्या वर्षी ऑर्डर आली, चाळीस हजारांची.
सहलीच्या होड्या भाड्यानं देणारी कंपनी.
फोम थोडा हलका चालेल, त्यांनी लिहिलं,
रंग मात्र तोच हवा, फोटोत खुलतो.
मी रात्रभर आकडे मांडले.
आकडे देखणे होते. मी तिला तसं सांगितलं,
आणि मी खोटं बोललो नव्हतो.
त्यांच्या फोमचा तुकडा तिनं वाडग्यातल्या पाण्यात टाकला
आणि घरी गेली.
सकाळी तुकडा पाणी पिऊन तळाला टेकला होता.
वाडगा माझ्या टेबलावर ठेवला. बोलली नाही काही.

ऑर्डर गेली.
हिवाळ्यात नऊ माणसं कमी केली.
पत्रं पाठवून भागलं असतं.
ती घरोघर गेली, पावसात,
वडिलांच्या छत्रीखाली, जिची एक काडी मोडलेली.
उशीआनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
तुझ्या तत्त्वाला माझ्या घराचं भाडं माहीत आहे का?
आणि दार लावलं.
सबेला ते वाक्य गाडीत दोनदा पुटपुटली.
उत्तर शोधत नव्हती. पाठ करत होती.
उन्हाळ्यात सहा जणांना परत बोलावलं.
उशीआलाही. ती आली नाही.

मागच्या शुक्रवारी सबेला तापानं फणफणली होती.
तीन वाजले.
वरच्या मशिनी एकेक करून थांबल्या.
माझ्याकडे कोणी बघितलं नाही, तेच वाईट.
मी चष्मा काढला, टॉवेलात गुंडाळला,
डोळे मिटून ढिगात हात घातला.

पाणी थंड नव्हतं,
थंडीच्या पलीकडचं काहीतरी होतं.
खाली हिरवा अंधार,
कानांत साऱ्या वर्षांचे आकडे एकदम,
आणि तेवढ्यात कोणीतरी
मानगूट धरून मला वर उचललं.

शिडीवर बसून, चष्म्याविना,
कॉलरमागची पट्टी नाकाशी धरून वाचली.
गेल्या वर्षीचा माल. मशीन चार.
म्हणजे उशीआ.

सोमवारी खर्चाच्या वहीत लिहिलं:
टॉवेल, नग एक.
खालची ओळ बराच वेळ
रिकामी ठेवली.